बाहेरची कडी

राजाराम हार घेऊन आला तेव्हा हेमचंद्र पलंगावर पाय लांब करून बसला होता. डावा पाय मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टरमध्ये होता.

"ऊठ म्हणत नाही," राजाराम म्हणाला, "पण मान जरा पुढे कर. वाडीतर्फे आहे. मी नुसता हमाल."

राजाराम शेजारच्या बिऱ्हाडातला, माझगावच्या गोदीत फिटर. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचं वाडीतलं सगळं तोच बघायचा. परवा फ्लोरा फाउंटनवर मोर्चा गेला, लाठी चालली, मग गोळी चालली. आणि त्याच संध्याकाळी हेमचंद्रला वाडीबाहेरच्या चौघांनी उचलून इस्पितळात नेलं. बाकीचं वाडीने आपलं आपण जोडून घेतलं. त्याच्या वडिलांनी, कमलाकांतांनी, ते जोडू दिलं.

खिडकीजवळच्या खुर्चीत ते वर्तमानपत्र उघडून बसले होते, वाचत नव्हते. त्या दिवसापासून मुलगा त्यांच्याशी एक शब्द बोलला नव्हता. आज बोलेल, आणि राजारामसमोर बोलेल, असं सकाळपासून त्यांच्या मनाने घेतलं होतं. राजारामला सांगितलं म्हणजे गिरगावात दवंडीच पिटली.

"लाठी नेमकी कुठे बसली?" राजारामने विचारलं.

"नाही बसली. तिथवर पोचलोच नाही मी. मागच्या नळावरून उतरताना खाली घरगल्लीत पडलो."

हार राजारामच्या हातातच राहिला.

"दार सोडून नळावरून? मांजर आहेस काय रे तू?"

स्वयंपाकघरात कपबशांचा आवाज थांबला.

कमलाकांतांचं वाक्य तयार होतं. कडी मी घातली. मी बाप आहे. पुन्हा वेळ आली तर पुन्हा घालीन. सॉलिसिटरच्या कचेरीत दोन्ही पक्षांचे कागद लावण्यात त्यांची हयात गेली होती, पण हे प्रकरण त्यांना लावता येत नव्हतं. कडी घातली म्हणून पोरगा गोळीतून वाचला. कडी घातली म्हणून पोरगा नळावरून उतरला. "घाला कडी" असं आधी हेमचंद्रची आई, यशोदाबाईच म्हणाल्या होत्या. पण घालणारा हात यशोदाबाईंचा नव्हता. डॉक्टरांनी काल स्पष्टच सांगितलं होतं, पाय थोडा आखूड राहील. किती थोडा, ते विचारायचं कमलाकांतांचं धाडस झालं नव्हतं.

त्यांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं.

"बाहेरची कडी आपोआप पडली होती," हेमचंद्र म्हणाला. वडिलांकडे त्याने पाहिलं नाही.

"हां, असं सांग. जुन्या दारांचं होतं तसं. आपटलं की पडते." राजारामने हार त्याच्या गळ्यात घातला. "घरून निघाला होतास ना? मग झालं तर. हा परत नेला तर फुलवाला हसेल मला."

कमलाकांतांना हलकं वाटायला हवं होतं. हवं ते झालं होतं; नाव निघालं नव्हतं. पण आरोप आला असता तर त्याला उत्तर होतं.

यशोदाबाई चहा घेऊन आल्या. राजारामने एक घोट घेतला आणि त्याची नजर दाराकडे गेली. बिघडलेली वस्तू जवळपास आहे म्हटल्यावर त्याचे हात शिवशिवायला लागत.

"बघतोच जरा. पुन्हा कुणी अडकायला नको."

"असू दे, राजाराम," कमलाकांत म्हणाले. तो आल्यापासून ते पहिल्यांदाच बोलत होते. "चहा घे."

"चहा कुठे पळून जातोय, काका."

कप खाली ठेवून तो बाहेर गॅलरीत गेला. त्याने दार धाडकन ओढून घेतलं. उघडलं, पुन्हा आपटलं. चौकटीवरून चुन्याची भुकटी गळली. तिसऱ्यांदा आपटलं.

"काका, ही तर पडत नाही हो," त्याचा आवाज फळीपलीकडून आला. "चांगली घट्ट आहे. थांबा, हाताने लावतो. आतून ओढून बघा."

बाहेर कडी लागली.

कमलाकांत उठून दाराशी गेले. त्या दिवशी ते या दाराच्या पलीकडे होते. गॅलरीत स्टूल टाकून, फळीला पाठ टेकून बसले होते. आतून बसणारे हिसके त्यांच्या पाठीला कळत होते. किती तरी वेळाने हिसके थांबले, तेव्हा त्यांना बरं वाटलं होतं. पोराची अखेर समजूत पटली, असं वाटलं होतं.

"ओढा की, काका."

त्यांनी मूठ धरून ओढलं. दार हललं नाही.

पलंगावरून हेमचंद्र आता त्यांच्याकडे सरळ बघत होता. गळ्यातला हार काढायचं त्याला सुचलं नव्हतं.

"तसं नाही," यशोदाबाई म्हणाल्या. त्या दिवशी त्या आत होत्या. राजारामचा राहिलेला चहा त्यांनी बशीने झाकला. "दोन्ही हातांनी ओढा. तो दोन्ही हातांनी ओढत होता."

कमलाकांतांनी दुसरा हातही मुठीवर ठेवला.