मोठी बटणं

तेओदोरा आजीच्या वाढदिवसाचा निरोप संपला आणि रेडिओवर मयताचं गाणं लागलं.

मारित्सानं धावत येऊन ते बंद केलं, तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. डोंगरातल्या कुरणावर रेडिओ ऐकत बसलेल्या आजीच्या लेकीनं मेंढ्या तिथंच सोडल्या आणि रडत घराकडे धूम ठोकली. अंगणात आजी बटाटे निवडत बसलेली दिसली, तेव्हा तिनं आधी आईला मिठी मारली आणि मग रेडिओवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

स्टुडिओत निरोप सांगणारी बासिलिया माऊसवर हात ठेवून तशीच बसून होती.

"हात घसरला," ती म्हणाली.

रेडिओ समितीचे प्रमुख सेनोबियोकाका तिला रागावले नाहीत. जाताना मारित्साला म्हणाले, "तुझ्या यंत्राचा दोष, पोरी. बघ जरा."

मारित्सा बासिलियाची भाची. एल आल्तो शहरात राहून संगणकाचं शिकलेली. वीज पडून रेडिओचा जुना संगणक जळाला, तेव्हा गावानं सौर पॅनेलवर चालेल असा, पत्त्यांच्या कॅटाएवढा संगणक आणला. नुसती एक हिरवी पाटी, ना पेटी ना झाकण. तिच्यात कोणती ऑपरेटिंग सिस्टिम घालायची, एवढं मारित्सानं ठरवायचं होतं. दोन मेमरी कार्डांवर तिनं दोन भरून आणल्या होत्या. एक रंगीत, चित्रांची, माऊसनं चालणारी, पण बॅटरी पिऊन टाकणारी. दुसरी रुक्ष. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, हवं ते टाइप करून सांगायचं. पण पडदा काढून ठेवला तरी ती चालायची आणि ढगाळ दिवसांतही रेडिओ बंद पडू द्यायची नाही. मारित्साला मनातून हीच हवी होती.

सेनोबियोकाका मात्र अडून बसले. "बटणं मोठी पाहिजेत. ताटाएवढी. बॅटरीचं मी बघतो."

मारित्सानं फार वाद घातला नाही, कारण तिलाही आत्याचीच चिंता होती. तिच्या जन्माआधीपासून आत्या पहाटे गावाचे निरोप सांगत आली होती. कुणाचं गाढव सापडलं, कुणाचा मुलगा शनिवारच्या बसनं येतोय, कुणाला मुलगी झाली. हल्ली लोक खिडकीशी येऊन तोंडीच सांगत, ती ते ध्यानात ठेवी आणि माइकवर बोले. काळ्या पडद्यापुढे ती बावरली असती, आणि मग त्या खुर्चीवर दुसरं कुणी बसलं असतं. म्हणून मारित्सानं रंगीत कार्ड घातलं. वाढदिवसाचं बटण पिवळं केलं, मयताचं जांभळं.

आता ती आत्याशेजारी स्टूल ओढून बसली.

"पिवळं आणि जांभळं लांब लांब ठेवू का, आत्या?"

"ते दुसरं कार्ड घाल."

"अगं, त्यात चित्रंच नाहीत. नुसता काळा पडदा. तुला काय दिसणार त्यात?"

"ह्यात काय दिसतंय?"

मारित्साला आधी उमगलंच नाही. मग तिचं लक्ष गेलं. आत्याचं तोंड पडद्याकडे नव्हतंच. ते खिडकीतून येणाऱ्या उन्हाकडे होतं.

"मधलं सगळं गेलंय," बासिलिया म्हणाली. "कडेकडेनं थोडा उजेड कळतो. ला पाझच्या डॉक्टरनं सांगितलं, आता परत यायचं नाही. माऊस कोपऱ्यात ढकलायचा, तिथून कुठलं बटण किती लांब, ते मी हातानं पाठ केलं होतं. काल तू जागा बदलल्यास."

मारित्सानं त्या खरंच बदलल्या होत्या. नीटनेटकं दिसावं म्हणून.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं की खुर्ची जाते, बाई. मग मी घरी बसून काय करू? सुनेची भांडणं ऐकू?"

मारित्सानं डोळे पुसले आणि कार्ड बदललं. पडदा काढून कोपऱ्यात ठेवला. दाबलेलं अक्षर नि गाण्याचं नाव कानात बोलून सांगणारा आवाज तिनं त्या साध्या सिस्टिममध्ये बसवला. बासिलियानं तरुणपणी सहकारी दुकानात टाइपरायटर बडवला होता, तिच्या बोटांना अक्षरं अजून सापडत होती. कानात इअरफोन घालून तिनं मयताचं गाणं शोधलं, मग वाढदिवसाचं, मग पुन्हा मयताचं.

"हा माणूस सर्दी झालेल्या कारकुनासारखा बोलतो," ती म्हणाली. "पण खोटं बोलत नाही."

दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं आधी तेओदोरा आजीचं गाणं लावलं. बरोबर लागलं. ते संपल्यावर तिनं माइक जवळ ओढला. मारित्सानं हातानं नको नको केलं, पण ते तिला दिसणार कसं?

"कालची चूक यंत्राची नव्हती," बासिलिया म्हणाली. "माझी होती. मला दिसत नाही. तुमच्यापासून लपवून ठेवलं. ह्या खुर्चीवर दुसरं कुणी हवं असेल तर येऊन सांगा. मी उठेन."

मग तिनं एक लांबलचक गाणं लावलं आणि हात मांडीवर ठेवून वाट बघत बसली. मारित्साला तिच्याकडे बघवेना.

गाणं संपता संपता खिडकीवर टकटक झाली. सेनोबियोकाका होते, धापा टाकत.

"कळपातला माझा लामा हरवलाय," ते म्हणाले. "काळा. कानात लाल लोकर आहे. ओढ्याकडे गेला असेल. सांग लगेच."

बासिलिया खिडकीकडे वळली. "सेनोबियो, मी आत्ता काय बोलले ते ऐकलंस का तू?"

"ऐकलं की," ते म्हणाले. "गावाला ते केव्हाचं ठाऊक आहे. चिठ्ठ्या लिहून द्यायचं सोडून सगळे खिडकीशी येऊन का बोलायला लागले, असं तुला वाटलं?"