रंगफोडचं कुलूप

सुरतेच्या पोलीस चौकीत हवालदाराने फ्लॉपी उलटीपालटी करून पाहिली आणि टेबलावर ठेवली.

"तो आमां चोरी शुं थयुं?"

यात चोरीला काय गेलं, ते गजेंद्र पुन्हा पहिल्यापासून सांगू लागला. साडीच्या डिझाईनमधले रंग वेगळे करणारा प्रोग्रॅम त्याने स्वतः लिहिला होता. 'रंगफोड' त्याचं नाव. पांडेसऱ्याच्या मिलमध्ये माणसं फिल्मवर एकेक रंग हाताने उतरवत बसत, त्यात आठवडा जाई. रंगफोड तेच काम जेवणाच्या सुट्टीआधी उरकत असे. आणि आता बमरोलीत, नवागामात, जिथे बघावं तिथे त्याची फुकटची नक्कल चालली होती.

"पण तारी पासे तो छे ने?"

"छे," गजेंद्रने कबूल केलं. प्रोग्रॅम त्याच्याकडे होताच.

हवालदाराने दोन चहा मागवले. एक स्वतःला, एक गजेंद्रला.

गजेंद्र चिडला, पण चहा प्याला. प्रोग्रॅम चोरणाऱ्याला तुरुंग, असा कायदा दिल्लीत झाल्याचं त्याने पेपरात वाचलं होतं. कायद्याचं पुस्तक एका वकिलाकडून मागून आणून त्याने ते अख्खं झेरॉक्स करून घेतलं होतं. यात काही गंमत आहे हे त्याच्या ध्यानात आलं नाही. त्याला तरी काय बोलावं? सुरतच ती. इथे बाजारात चाललेली साडी आठवड्यात शेजारच्या दुकानात लटकते, आणि जिची कुणी नक्कल करत नाही ती साडी व्यापारी हातात धरत नाही. साडीचं ठीक आहे, असं गजेंद्रचं म्हणणं. साडी म्हणजे फुलंपानं. प्रोग्रॅम म्हणजे डोकं.

हे डोकं अजून कुणी विकत घेतलेलं नव्हतं. दिवाळीपर्यंत एकाही मिलने घेतलं नाही, तर कॉम्प्युटर विकून त्याला परत मिलच्या रंग कालवायच्या खात्यात जावं लागणार होतं. तिथल्या वाफेने त्याची छाती एकदा धरली होती. तो खोकला आठवला की त्याची बायको गायत्री आजही हातातलं काम थांबवते.

तो नवागामला घरी आला तेव्हा ती मांडीवर साडी घेऊन टिकल्या चिकटवत होती. ठेकेदार साड्या घरपोच देऊन जाई.

"पोलीस काय म्हनना?"

"चहा पाजला."

"मंग चोर कोन शे?"

गजेंद्र तिच्याशेजारी टेकला. प्रोग्रॅम सुरू करताना आधी एक शब्द विचारायचा. तो टाकल्याशिवाय प्रोग्रॅम उघडायचा नाही; तेच त्याचं कुलूप. शब्द म्हणजे त्याच्या गावाचं नाव. घराबाहेर ते ओळखणारा सुरतेत एकच माणूस होता, त्याच गावचा, मिलमिलांत फिरून रंगफोड दाखवणारा त्याचा मित्र.

"आनंदा," तो म्हणाला.

गायत्रीने टिकली अंगठ्याने दाबून बसवली.

"माले बी तसंच वाटस," ती म्हणाली. "आते त्याले घरमा लेवू नका."

गजेंद्र तिच्याकडे बघतच राहिला. गायत्रीला सख्खा भाऊ नव्हता. भाऊबीजेला तिने ओवाळलेला एकुलता एक माणूस म्हणजे आनंदा.

आनंदा संध्याकाळी आला. गजेंद्रने त्याला दारातच थांबवलं आणि सरळ विचारलं. आनंदाने गजेंद्रच्या खांद्यावरून आत पाहिलं. गायत्रीने मान वर केली नाही, की चहाचं आधण ठेवलं नाही.

"तू म्हनस ना, मंग मीच," आनंदा म्हणाला. "तुना धंदा चालना म्हंजे बस."

"परत या घरची पायरी चढू नको."

आनंदाने चपला पायात सरकवल्या आणि गेला. गजेंद्रला फार वाईट वाटलं. गावच्या नदीत दोघं एकत्रच पोहायला शिकले होते. निदान नाही तरी म्हणायचं, हे त्याच्या मनातून जाईना.

दसऱ्यानंतर पांडेसऱ्याच्या एका मोठ्या मिलमधून बोलावणं आलं. मॅनेजरने त्याला पंख्याखाली बसवलं.

"कॉम्प्युटर घेतले, ऑपरेटर भरायला काढले. जो येतो तो म्हणतो, साहेब, मला रंगफोड येतं. दुसरं काही कुणाला येतच नाही. मग आम्ही दुसरं आणून करू काय?"

"ते सगळे चोरीच्या नकलेवर शिकलेत, साहेब."

"हशे, असतील," मॅनेजर म्हणाला. "पण मशीन अटकलं की चोर येणार नाही. तुम्ही याल. सगळ्या कॉम्प्युटरांवर टाकून द्या. आमचं बघून दुसरे मिलवालेही मागतील."

गजेंद्र पेढे घेऊनच घरी आला. ऐकता ऐकता गायत्रीने पदर डोळ्यांना लावला आणि तो बराच वेळ काढला नाही. रंगाच्या खात्याचं नाव आता या घरात निघणार नव्हतं. त्यालाही भरून आलं.

"आता कुलूपच बदलतो," तो शेवटी म्हणाला. "एवढी मिल हातात आली, आता चोराला फुकट पोसायचं नाही. पण माझ्या मनातला शब्द आनंदा बरोबर ओळखेल. तूच एखादा सांग."

गायत्रीने विचार केला.

"मन्हा माहेरनी म्हैसनं नाव टाका. चंदरी."

गजेंद्र मनापासून हसला. त्याने शब्द टाकला, दोनदा उघडून बंद करून पाहिला. आता ब्रह्मदेव आला तरी उघडणार नाही, म्हणाला. मग फ्लॉप्यांचा डबा पिशवीत घालून तो दुपारी मिलकडे निघाला.

त्याची सायकल वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत गायत्री दारात उभी राहिली. मग कडी लावून ती कोपऱ्यावरच्या फोनच्या बूथवर गेली. नंबर तिला पाठ होता.

"आनंदा भाऊ, मी गायत्री बोलस," ती म्हणाली. "नवा शब्द लिखी ल्या."