उलटं काम

"हे कोणत्या गाढवाने केलंय?"

लेकीने हत्यारांची पिशवी अजून खांद्यावरून उतरवलीही नव्हती. आई नव्या नवऱ्याबरोबर या दोन खोल्यांत राहायला आल्यापासून ती आज पहिल्यांदाच आली होती. चहा नको म्हणाली, बसायलाही नको म्हणाली, आणि भिंतीच्या तळाशी ठोकलेल्या लाकडी पट्टीपाशी उकिडवी बसली. नखाने नुसतं टोकरलं, तर पांढऱ्या रंगाची साल सायीसारखी निघून आली.

ती रंगारी होती. बापाच्या हाताखाली शिकलेली. बाप जाऊन तीन वर्षं झाली, पण काम बिघडलेलं दिसलं की तिच्या तोंडून अजून त्याचाच आवाज निघायचा.

"आधी पट्टी घासायची, मग प्रायमर मारायचा. मग भिंतीला ठोकायची. खिळ्यांची भोकं पुट्टीने बुजवायची, वरची फट सीलंटने भरायची आणि ते वाळू द्यायचं. मग शेवटचा रंग. इथे सगळं उफराटं! कोऱ्या लाकडावर रंग, त्यावर बाथरूमचं सिलिकॉन, आणि वरून परत रंग. सिलिकॉनवर रंग कधी धरतो का?"

आईचा नवरा दारात उभा होता. आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेला माणूस. त्याला काय म्हणून हाक मारायची, हे तिने अजून ठरवलं नव्हतं.

"घाई झाली खरी," तो म्हणाला.

"घाई? जे येत नाही त्यात माणसाने हात घालू नये. दुसऱ्याच्या जागेवर येऊन बसायची मात्र भारी हौस."

ड्रायव्हरच्या कपाळाची शीर तटतटली. "पट्टीबद्दल काय ते बोल."

"पट्टीबद्दलच बोलतेय!"

तिने पिशवीतून पटाशी काढली, फटीत घातली आणि सगळा जोर लावला. पट्टी खिळ्यांसकट उखडली. सोबत भिंतीचा हातभर गिलावाही खाली आला.

आवाज ऐकून आई स्वयंपाकघरातून आली. तिने भिंतीकडे बघितलं, मग लेकीच्या हातातल्या पटाशीकडे.

"खाली ठेव ती."

"आई, तुला यातलं कळत नाही. या माणसाने—"

"ते मी केलंय."

लेकीचा हात तसाच राहिला. आई नवऱ्याकडे वळली. "तुम्ही सांगितलं नाहीत हिला?"

"तिने विचारलं, कोणत्या गाढवाने केलं," ड्रायव्हर म्हणाला. "मी तुझं नाव कसं घेऊ?"

कोणी हसलं नाही.

"खिळे मी ठोकले," आई म्हणाली. "रंग मी मारला. ते नळीतलं चिकटही मीच भरलं. यांनी नुसती पट्टी धरली."

"मग मला फोन करायचास! एका दुपारचं काम होतं माझं."

"म्हणूनच केला नाही." आईचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला, तेव्हा लेकीला कळलं की ती खरी चिडली आहे. "जन्म रंगाऱ्याच्या घरात काढला मी. ब्रशला हात लावला की तुझा बाप म्हणायचा, राहू दे, तुझ्याने नाही व्हायचं. आणि तू त्याच्या शेजारी बसून दात काढायचीस."

"बाबा गेलेत, आई. आता तरी त्यांना—"

"ते गेलेत. मी आहे अजून."

लेकीचे कान तापले. "दे, मी नीट करून देते सगळं," ती पुटपुटली.

"नको."

आईने कोपऱ्यातला हातोडा उचलला, पदर खोचला आणि फुटलेल्या गिलाव्यासमोर मांडी ठोकून बसली. ड्रायव्हर सवयीने पट्टी धरायला वाकला.

"तुम्ही नको. तिने उपटलीय, तिलाच धरू दे."

लेकीला वाटलं, सरळ उठावं आणि दार आपटून चालतं व्हावं. पिशवी खांद्यावरच तर होती. मग तिने ती काढून बाजूला ठेवली, गुडघे टेकले आणि पट्टी दोन्ही हातांनी भिंतीला दाबून धरली.

आईने खिळा टेकवला. चांगलाच तिरका. तो आत जाणार नाही, वाकणार, हे लेकीला दिसत होतं.

"आई..."

"काय?"

"काही नाही. ठोक."

आईने हातोडा उगारला. लेकीने बोटं मागे घेतली नाहीत.