वेदनेचा आकडा

“काका, एक ते दहामध्ये किती दुखतंय? नुसता आकडा सांगा!” डॉक्टरबाईंनी तिसऱ्यांदा विचारलं. फॉर्ममधला वेदनेचा रकाना कोराच होता.

“असं आकड्यात कसं सांगू? आधी उपमा ऐका,” खाटेवर कळवळणारे, मराठीचे निवृत्त शिक्षक म्हणाले.

डॉक्टरबाईंनी कपाळाला हात लावला. ईसीजी ठीक, बाहेर रांग ताटकळलेली, आणि इथे अलंकारांचा तास! “बरं, ऐकवा एकदाची!”

“छातीपासून पाठीपर्यंत कुणीतरी नवंकोरं धोतर टराटरा फाडावं, तसं दुखतंय.”

पेन थबकलं. डॉक्टरबाईंनी झटकन काकांची दोन्ही मनगटं धरली. उजवीकडे नाडी होती. डावीकडे जवळजवळ नाहीच.

“सीटी स्कॅन लगेच! छातीतली मोठी धमनी फाटतेय,” त्या फोनवर ओरडल्या.

“वेदनेचा आकडा किती, मॅडम?” पलीकडून प्रश्न आला.

“आकडा नाही, उपमा आहे! घ्या लिहून!”