तीन गज बाकी

चर्चमधली शुक्रवारची मिसा आटोपून अल्बर्ट शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात राजनच्या जुन्या मशिनरीच्या दुकानात शिरला. ही पाचवी खेप. त्याला चौथ्या मजल्यावरच्या आपल्या घराच्या खिडकीला ग्रिल करायचं होतं आणि त्यासाठी वेल्डिंग मशीन हवं होतं. दीड वर्षांची लेक सोफिया पलंगावर चढायला शिकली होती, आणि पलंग खिडकीला लागूनच होता. ग्रिल बाहेरून करून घेता आलं असतं, पण मशीन चालवायची हौस दांडगी. ग्रिल झालं की चपलांचा रॅक, मग टेबल. त्यात अल्बर्ट चमचा घ्यायचा तरी चार दुकानं पालथी घालणारा. निवडण्यातच तीन महिने गेले होते.

“ये नया वाला हलका है, घर के प्लग पे चलेगा,” राजन म्हणाला. “वो पुराना भारी है, लेकिन मजबूत. साढ़े तीन सौ दिरहम.”

“म्हणजे साडेचार हजार रुपये,” अल्बर्ट स्वतःशीच पुटपुटला. “पुराना चला के देखूँ?”

राजननं कोपऱ्यातून एक अर्धवट ग्रिल ओढून आणलं. जुन्या मशीनबरोबरच आलेलं. तीन गज लावायचे राहिले होते, तिथं नुसत्या खडूच्या खुणा होत्या. सुटे गज तारेनं बांधून ठेवले होते. अल्बर्टनं सवयीनं टेप लावली. माप तंतोतंत त्याच्या खिडकीचं निघालं. इथल्या सगळ्या बिल्डिंगांच्या खिडक्या सारख्याच असतात, त्यानं मनाची समजूत घातली.

एक गज खुणेवर धरून त्यानं वेल्डिंगचा मास्क तोंडावर ओढला आणि मशीनचा रॉड टेकवला.

काळ्या काचेतून ठिणगीच्या उजेडापलीकडे काही दिसत नाही. अल्बर्टला शेजारच्या गजावर चार बोटं दिसली. इवलीशी, गज घट्ट धरलेली.

त्यानं मास्क वर केला. नुसता धूर. पुन्हा ओढला, रॉड टेकवला. बोटं होतीच. अल्बर्ट भयंकर घाबरला.

“ये मशीन किसका था?”

“एक इंडियन का. बच्चेवाला आदमी. तुम्हारे जैसा, महिनों दुकान-दुकान घूमा, कौनसा लूँ, कौनसा लूँ. आखिर में ये लिया, एक दिन चलाया. फिर खुद ही वापस छोड़ गया. पैसा भी नहीं माँगा. बोला, अब जरूरत नहीं.”

अल्बर्टनं मास्क ओढला आणि वेल्डिंग सुरू केलं. पहिला गज. दुसरा.

“अरे भाई, टेस्टिंग हो गया, खलास!” राजन ओरडला.

अल्बर्ट थांबला नाही. तिसऱ्या गजाचं दुसरं टोक जोडलं तेव्हाच त्यानं रॉड खाली ठेवला. मग दुकानातल्या फोनवरून घरी नंबर फिरवला.

बायकोनं, जोसेफिननं, पलंगाजवळचा फोन पहिल्याच रिंगला उचलला. तिला धाप लागली होती. “एसी बंद पडला म्हणून खिडकी उघडली रे, दोनच मिनिटं किचनमध्ये गेले. सोफी पलंगावरून चढून खिडकीच्या कट्ट्यावर! पुढं झुकून उभी होती!”

“पडली?”

“नाही. मी धरलंय तिला. पण तिनं हवेतच दोन्ही मुठी आवळून धरल्यात. मी ओढतेय, अल्बर्ट, पण तिचे हात सुटतच नाहीयेत.”