गोळीबार झाला

"शाब्बास," काकू म्हणाल्या. मागच्या बाकावर बसलेल्या निरीक्षक मुलीने तक्त्यात एक रेघ ओढली.

बी.एड.च्या वर्गात प्रबलन कौशल्याचा पाठ चालला होता. पोराने बरोबर उत्तर दिलं की त्याची पाठ थोपटायची, याला तिथे प्रबलन म्हणतात. काकूंनी घरी दोन मुलं पाठ थोपटतच मोठी केली होती, पण तेव्हा रेघा ओढायला कुणी बसलं नव्हतं. पाठ सहा मिनिटांचा. खरी पोरं नसल्यामुळे काकूंचे वर्गमित्रच आठवीचे विद्यार्थी होऊन बसलेले. त्यांत दाढी नावाने ओळखला जाणारा एक गृहस्थ होता. घरी स्वतःची मुलगी सहावीत, आणि इथे हा हाताची घडी घालून आठवीत.

"मग संपाच्या सातव्या दिवशी गिरणीच्या फाटकावर गोळीबार कोणी केला?" काकूंनी विचारलं.

दाढी उठून उभा राहिला. "बाई, पोलिसांनी."

काकूंनी फळ्यावर लिहिलं, 'पोलिसांनी गोळीबार केला', आणि शाब्बास म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात टेबलावरची पितळी घंटा वाजली.

घंटा वाजवणारे प्राध्यापक मागून घंटासर आणि पुढून सर होते. "बाई, पुस्तकात काय आहे?"

"गोळीबार झाला आणि काही कामगार मृत्युमुखी पडले."

"मग तुम्ही 'केला' कुठून आणलात?"

"सर, 'झाला' लिहिलं तर वाक्यात गोळीबारच कर्ता होतो. म्हणजे त्याचा तोच झाला, पाऊस झाल्यासारखा. आणि मृत्युमुखी पडले म्हणजे काय, मृत्यू तिथे तोंड उघडून बसला होता आणि हे जाता जाता त्यात पडले?"

वर्ग हसला. सर हसले नाहीत. "व्याकरण मराठीच्या अध्यापन पद्धतीत. ही इतिहासाची पद्धत आहे. इतिहासात कर्ता आणू नये, बाई. कर्ता आला की त्याचे नातेवाईक येतात. पुसा ते. पाठ पुन्हा घ्या."

त्यांनी काकूंचं कौशल्यपत्रक पुढे ओढलं आणि पेनाचं टोपण काढून ठेवलं. त्यांची सही नाही तर शाळेत सराव पाठ नाहीत, सराव पाठ नाहीत तर वर्ष बुडालं. आणि पुढच्या वर्षी काकूंचं नोकरीला लागायचं वय उलटत होतं. हे सगळं त्या उघड्या पेनाला माहीत होतं.

काकूंनी डस्टर न घेता तळहातानेच 'केला' पुसलं. मग 'पोलिसांनी'सुद्धा. तळहात पांढरा झाला. गोळीबार तेवढा फळ्यावर उरला, एकटा, अनाथ. त्याच्यापुढे त्यांनी 'झाला' लिहिलं. खडू मोडला.

"संपाच्या सातव्या दिवशी गिरणीच्या फाटकावर काय झालं?"

दाढी पुन्हा उठला. त्याने एकदा काकूंकडे पाहिलं, एकदा सरांच्या पेनाकडे. मग जमिनीकडे पाहत म्हणाला, "बाई, गोळीबार झाला."

अपेक्षित उत्तर आलं होतं. आता शाब्बास म्हणायचं, म्हणजे झालं. निरीक्षक मुलगी पेन रोखून बसली.

काकूंचे वडील त्या दिवशी फाटकावर होते. ती झालेली गोळी त्यांच्या मांडीत अजून होती. थंडी पडली की रात्रभर ठणकून सांगायची, गोळीबार कोणी केला ते. काकूंच्या ओठांपर्यंत 'शा' आला आणि तिथेच अडला.

"बाई, प्रबलन द्या," सर म्हणाले. "उत्तर बरोबर आहे."

काकूंनी मोडलेल्या खडूचा तुकडा उचलून फळ्याच्या कडेला ठेवला.

"एक शब्द आहे, बाई. शाब्बास. तो म्हणा, मी सही करतो, तुम्ही शाळेत जा आणि पोरांचं भलं करा."

सरांनी घंटा वाजवली. मग ऐकू आलं नसेल म्हणून आणखी एकदा वाजवली.

काकू सावकाश टेबलापाशी गेल्या. सरांच्या हातातून त्यांनी घंटा काढून घेतली, लहान मुलाच्या हातातून कात्री काढून घ्यावी तशी. खिडकी उघडीच होती. घंटा वाजत वाजत दोन मजले उतरली आणि सायकलस्टँडच्या पत्र्यावर शेवटची, जोरात वाजली.

सर आधी खिडकीकडे बघत राहिले, मग स्वतःच्या रिकाम्या हाताकडे. त्यांनी पेनाला टोपण लावलं, सही न केलेलं पत्रक खणात टाकलं आणि खण बंद केला. सरांचे कान लाल झाले होते. समोर काकू उभ्या होत्या, आणि सर वर्गाला विचारत होते.

"हे कोणी केलं? मला नाव पाहिजे. घंटा कोणी फेकली?"

आठवीच्या वर्गात एक बाक करकरला. दाढी उठून उभा राहिला, हाताची घडी घालून, आदबीने.

"सर, घंटाफेक झाली."

काकूंनी त्याच्याकडे पाहिलं. पांढरा तळहात पदराला पुसला.

"शाब्बास," त्या म्हणाल्या. "बस खाली."

मागच्या बाकावर निरीक्षक मुलीने मान खाली घातली आणि तक्त्यात एक रेघ ओढली.