पाचवं नाव

कोल्हापूरच्या रामेश्वरने आखातातल्या रास अल खैमाचा फुटबॉल संघ अकरा वर्षं खपून घडवला. मुख्य कोच मात्र रोमानियाचा डोरिन झाला. गुडघा निकामी होईपर्यंत देशासाठी खेळलेला माणूस, त्यामुळे खेळाडूही त्याच्यावर फिदा. रामेश्वर आतून जळत राहिला. फायनल बरोबरीत सुटली. पेनल्टीसाठी चार नावं लिहून डोरिनने कागद त्याच्याकडे सरकवला. "पाचवं तू लिही. पोरांना तू जास्त ओळखतोस." इम्रान कधीच चुकत नाही, हे ठाऊक असूनही रामेश्वरने दडपणाखाली कोलमडणाऱ्या सुयशचं नाव लिहिलं. सुयशचा फटका बारवरून गेला. कप हुकला. मालक तरातरा मैदानात आला. "याला कुणी पाठवलं?" रामेश्वर दोन पावलं मागे सरकला. डोरिनने कागद मुठीत चुरगाळला. "मी. चूक माझीच," तो म्हणाला. रडणाऱ्या सुयशला त्याने मिठीत घेतलं. रामेश्वरला त्याचा खरा हेवा तेव्हा कुठे वाटला.